हिरव्या बरणीतलं क्रीम

१ मार्च

मावशी,

१. शुक्रवार, २० फेब्रुवारी. तुझं पार्सल मिळालं. आत हिरवी काचेची बरणी एक, काजळ एक, पावडरचा डबा एक. काही फुटलेलं नव्हतं.

२. शनिवार, २१. अंघोळीनंतर बरणीतलं क्रीम चेहऱ्याला लावलं. दुसरं काही लावलं नाही.

३. सोमवार, २३. दोन्ही गालांवर आणि हनुवटीखाली बारीक लाल पुरळ. खाज.

४. मंगळवार, २४. बरणी आमच्या प्रयोगशाळेत नेली. विभागप्रमुख बाईंची परवानगी घेऊन नमुना तपासायला लावला.

५. शुक्रवार, २७. निकाल आला. एका ग्रॅम क्रीममध्ये हजारापर्यंत जंतू चालतात. या नमुन्याचं सगळ्यात पातळ द्रावण टाकलेल्या, जंतू वाढवायच्या प्लेटवरसुद्धा जंतूंचे इतके ठिपके उगवले होते की मोजता आले नाहीत.

६. शनिवार, २८. कंपनीच्या तक्रार अर्जात हे सगळं भरून पाठवलं. बरणीच्या लेबलावरचा बॅच नंबर दिला. मुदतीची तारीख घासून गेली होती, त्या रकान्यात ‘वाचता येत नाही’ असं लिहिलं.

घडलं ते एवढंच. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे.

तुला राग येईल हे मला माहीत आहे. हिरव्या कंपनीबद्दल तुझ्या पार्लरमध्ये वाकडा शब्द चालत नाही. मलाही हे लिहिताना बरं वाटत नाही. शाळा सुटल्यावर आई कामावरून येईपर्यंत मी तुझ्या बाकड्यावर बसून गणितं करायचे, आणि गाल फुटले की तू याच बरणीत बोट बुडवायचीस. वीस वर्षं मी दुसरं क्रीम विकत घेतलेलं नाही. कंपनीच्या दृष्टीने माझ्यासारखं गिऱ्हाईक शोधून सापडणार नाही.

म्हणूनच विचारते. या बॅचच्या किती बरण्या तुझ्याकडे आहेत आणि किती गेल्या? उरलेल्या कृपा करून कुणाला देऊ नकोस.

तुझी भाची

*

६ मार्च

चि. मोजपट्टीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पत्र कसलं, पंचनामाच तो. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या तेवढ्या घ्यायच्या राहिल्या. वीस ओळी झाल्या तरी ‘मावशी, कशी आहेस’ हे काही दिसेना, तेव्हा मीच सांगते. गुडघा ठीक आहे, पार्लर जोरात आहे, आणि भुवयांचं काम करणारी माझी मुलगी (तू तिला ‘दोरेवाली’ म्हणायचीस) अजून माझ्याकडेच आहे, तुझ्यासारखी उडून गेली नाही.

आता पुरळ. पुरळ कशानेही येतं. उशीचा अभ्रा कधी बदललास? दिवसभर त्या लॅबमध्ये जंतूंच्या पंगतीत बसायचं आणि खापर माझ्या क्रीमवर फोडायचं! बावीस वर्षं मी ते लोकांच्या तोंडाला लावते आहे. कुणाचं नाक गळून पडलेलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुझेच फोटो बघ. दहावीत काय चेहरा होता तुझा.

आणि अर्ज करायची एवढी घाई? आधी मला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? बातमी मी गोड म्हणून सांगणार होते, आता तुझ्या पत्राला उत्तर म्हणून सांगावी लागतेय. हिरव्या कंपनीने माझं पार्लर त्यांचं अधिकृत पार्लर म्हणून निवडलं आहे. या भागात एकच. नव्या खुर्च्या, नवे आरसे, दोरेवालीला त्यांच्याकडे प्रशिक्षण, आणि बाहेर त्यांचा दिव्यांचा बोर्ड. तीस मार्चला करारावर सही. अट एकच, फळीवर दुसऱ्या कुणाचा माल नको. मी म्हटलं, आत्ता तरी कुठे आहे?

त्यांचा माणूस, आम्ही त्याला टायवाला म्हणतो, येऊन सगळं बघून गेला. म्हणाला, “तुमच्याकडे गिऱ्हाईक टिकतं कसं हो?” मी म्हटलं, “जीभ गोड आणि हात हलका.” हसला बिचारा.

बरण्यांचं विचारतेस. त्या माझ्याकडे थोड्याच असतात, जुन्या खास माणसांपुरत्या. तू त्यातली. त्याची मोजदाद तुला कशाला?

एक सांग. त्या अर्जात माझं नाव नाही ना घातलंस?

मावशी

ता. क. बिनवासाचं ते औषधाच्या दुकानातलं काय लावतेस म्हणे. ताईने सांगितलं. लाव, लाव. भिंतीलाही तसलंच लावतात.

*

११ मार्च

मावशी,

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. विचारायचं राहून गेलं, ती माझी चूक.

उशीचा अभ्रा दर रविवारी बदलते. जंतूंच्या खोलीत मी हातमोजे आणि मास्क घालते. आणि पुरळ सोडून दे, पुरळ हा पुरावा नाहीच. पुरावा प्लेट आहे. प्लेटला माझ्या उशीशी काही देणंघेणं नाही.

कंपनीचं उत्तर आलं. सुरुवात अशी आहे: ‘प्रिय सौंदर्यसखी, तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या.’ मी भावना पाठवल्या नव्हत्या. आकडे पाठवले होते. पुढे माझ्या त्वचेचा प्रवास किती अनोखा आहे यावर एक परिच्छेद. प्लेटबद्दल एक शब्द नाही. सोबत त्याच क्रीमच्या तीन नमुना पुड्या आणि पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. बसमध्ये कुणी पायावर पाय देऊन वर त्याच बुटाचं कूपन हातात ठेवावं, तसं वाटलं.

मी त्यांना पुन्हा लिहिलं आहे. या वेळी प्लेटचे आणि बरणीचे फोटो जोडले.

शनिवारी मी मोठ्या दुकानात गेले आणि हिरव्या कंपनीच्या फळीपुढे पाऊण तास उभी राहिले. चौदा डब्या उलट्या करून मागचं वाचलं. पूर्वी मी कधी मागचं वाचलं नव्हतं. मला वास आणि झाकणाचा रंग पुरायचा. ‘मोगरायुक्त’ असं पुढे लिहिलेल्या लोशनमध्ये मागे मोगऱ्याचा म नाही, नुसता ‘सुगंध’. मी घरी वापरत असलेल्या काजळात आणि दुसऱ्या, निम्म्या आकाराच्या डबीतल्या काजळात घटकांच्या बाबतीत एका अक्षराचा फरक नाही, फक्त दुसऱ्यावर ‘वधू’ असं लिहिलं आहे. विक्रेती मागून आली.

“मॅडम, ग्लो हवाय का?”

“घटकांची यादी हवीय. या डबीवर स्टिकर चिकटवून झाकलीय.”

“ती बारीक अक्षरात असते मॅडम. ती कुणी वाचत नाही.”

“म्हणूनच बारीक असते.”

ती हसली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “मी स्वतः साधी पेट्रोलियम जेली लावते.”

मी काहीही न घेता बाहेर आले. दुकानात जाऊन इतकी चिडचिड माझी पूर्वी कधी झाली नव्हती. या लोकांनी मला फसवलं याची कमी, आणि वीस वर्षं मी फसवून घेतलं याची जास्त.

आता तुझा प्रश्न. हो, तुझ्या पार्लरचं नाव दिलं आहे. अर्जात ‘कुठून घेतले’ असा रकाना होता. घेतलं तिथून घेतलं असं लिहिलं. तुझ्याविरुद्ध एक अक्षर नाही. तक्रार कंपनीविरुद्ध आहे. त्यांचा माल खराब निघाला तर त्यात विकणाऱ्याचा दोष नसतो.

कराराबद्दल अभिनंदन करायला हवं, पण एक विचारते. सही केल्यावर एखाद्या बाईला त्यांचं क्रीम सोसलं नाही, तर तू तिच्या हातात दुसरं काय ठेवणार?

मला याच बॅचची एक न उघडलेली बरणी पाठव. कंपनीचा माणूस पुन्हा भावनांवर आला तर मला दुसरा नमुना लागेल.

तुझी भाची

*

१७ मार्च

चि. भाचीस आशीर्वाद.

बरणी नाही. संपल्या.

टायवाला काल पुन्हा आला होता. या वेळी हसला नाही. फळ्या बघितल्या, मागची खोली बघितली, कपाट उघडून दाखवा म्हणाला. मी म्हटलं, “त्यात टॉवेल आहेत.” तरी उघडायला लावलं. हिरव्या बरण्या कुठे मिळतात म्हणून विचारलं. मी म्हटलं, असतील पूर्वीच्या. तेवढ्यात खुर्चीत बसलेलं माझं जुनं गिऱ्हाईक, त्या बँकेतल्या बाई, मोठ्यांदा म्हणाल्या, “अहो, बरणी तर मी मागच्याच महिन्यात नेली इथून.” त्याने लिहून घेतलं.

सही पुढे ढकलली आहे. ‘वरून कळवू’ म्हणाला.

तू कंपनीला एक ओळ लिही. चूक झाली, तक्रार मागे घेते, एवढंच. त्याहून जास्त नको. तुझं काही जात नाही. मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही हे तूच आठवून बघ.

ताईला यातलं काही कळता कामा नये.

मावशी

*

२२ मार्च

मावशी,

एक ओळ लिहिता येणार नाही. का लिहायची, हे तू सांगितलेलं नाहीस, आणि निकाल मी डोळ्यांनी बघितला आहे. तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस हे खरं आहे. म्हणून नाही म्हणायला दोन दिवस लागले.

ते दोन दिवस थांबले नसते तर वेगळं पत्र लिहिलं असतं, कारण काल कंपनीचं दुसरं उत्तर आलं. यात सौंदर्यसखी नाही. त्यांच्या तांत्रिक विभागाच्या माणसाने लिहिलं आहे आणि ते नीट आहे. ते असं:

काचेची बरणी त्यांनी चार वर्षांपूर्वी बंद केली. आता हे क्रीम फक्त ट्यूबमध्ये येतं. मी दिलेला बॅच नंबर पाच वर्षांपूर्वीचा आहे. त्या बॅचची मुदत संपून तीन वर्षं झाली. मी ही बरणी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडे चौकशी करावी.

पत्र तीनदा वाचलं. मग तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. ‘त्या माझ्याकडे थोड्याच असतात.’ ‘जुन्या खास माणसांपुरत्या.’ ‘संपल्या.’ मोजदाद कशाला, हे तू का विचारलंस ते आता कळलं. आणि तारीख घासून गेलेली नव्हती, घासलेली होती.

तू मुदत संपलेला माल विकते आहेस. मुदत जाऊन तीन वर्षं झालेला. मला पाठवलास, बँकेतल्या बाईंना दिलास. आमच्या प्रयोगशाळेत हे करणारे दुकानदार येतात तेव्हा त्यांच्याशी कसं बोलायचं ते मला माहीत आहे. तुझ्याशी कसं बोलायचं ते माहीत नाही.

तू म्हणायचीस, गिऱ्हाइकाच्या तोंडाला हात लावायचा म्हणजे त्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. डोळे मिटून पडलेलं माणूस काय काय लावलं ते बघू शकत नाही. हे तूच शिकवलंस, म्हणून माझी चिडचिड होते आहे. दुसऱ्या कुणावर असती तर एका अर्जात संपली असती.

किती बरण्या होत्या, किती उरल्या, कुणाकुणाला दिल्या, हे मला लिही.

भाची

*

२७ मार्च

चि. मोजपट्टी,

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मी आजवर दुसऱ्यांच्या घरांबद्दल म्हणत आले.

डोळे उघडे ठेवून वाच आता. मी मुदत गेलेला माल विकत नाही. एक थेंब नाही. त्या बरणीत ताजं क्रीम होतं. मीच भरलं होतं.

चार वर्षांपूर्वी ट्यूब आल्या. मी पहिली ट्यूब बँकेतल्या बाईंना दिली. दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. “हे ते नाही.” मी म्हटलं, तेच आहे, कंपनीने खोकं बदललं. “वास तोच आहे, पण हे ते नाही.” त्या एकट्या नव्हत्या. आठवड्यात सात-आठ बायका ट्यूब परत देऊन गेल्या, आणि जाताना पलीकडच्या चौकातल्या नव्या पार्लरमध्ये डोकावून गेल्या. माझ्याकडे रिकाम्या बरण्यांचा ढीग होता. तुला आठवतं ना, रिकामी बरणी आणली की भुवया फुकट, असं मी करायचे. मग एक दिवस एक बरणी धुतली, गच्चीवर उन्हात वाळवली, ट्यूब पिळून भरली आणि बाईंच्या हातात दिली. त्यांनी बोटाला लावलं, गालावर चोळलं, डोळे मिटले. “आत्ता कसं! हेच ते. लपवून ठेवली होतीस होय गं?”

मला हसू आवरेना. दोरेवाली तर मागच्या खोलीत पळाली.

त्यात मी काय पाप केलं? माल कंपनीचाच, त्यांच्याकडूनच घेतलेला. फक्त भांडं जुनं. लेबलावरची तारीख मी खोडली, कारण ती खोटी ठरली असती. तेवढा प्रामाणिकपणा म्हण.

आणि तू. तुलाही चार वर्षं तेच पाठवतेय. पहिली पाठवली तेव्हा वाटलं, ही शास्त्रज्ञ झालीय, ही ओळखणार. आणि तुझा फोन आला, “मावशी, नोकरी नवी, खोली नवी, माणसं नवी, सगळं बदललं. हे एक बदललं नाही.” मग काय सांगू? तूच सांग. त्या वेळी सांगायला हवं होतं, सांगवलं नाही. पुढे सांगायची वेळ निघून गेली.

आता ऐक काय झालंय. करार गेला. खुर्च्या गेल्या. त्याचं सोड, माझ्या जुन्या खुर्च्यांवर माणसं बसतात अजून. पण कंपनीने नोटीस दिलीय. मी बनावट माल भरून विकते, असा त्यांचा संशय आहे. दहा एप्रिलपर्यंत लेखी खुलासा द्यायचा, नाहीतर वर्तमानपत्रात माझ्या पार्लरच्या नावानिशी छापणार. बनावट! बावीस वर्षं मी ज्यांची फुकट जाहिरात केली ते मला चोर म्हणतात. नाव छापून आलं की कोण येणार माझ्या खुर्चीत? मी सत्तावन्नाची आहे. मला दुसरं काही येत नाही.

सुटायची एकच वाट आहे. तू त्यांना लिही की ती बरणी तुझ्याच घरात पडलेली जुनी बरणी होती, माझ्या पार्लरचं नाव चुकून घातलं. बँकेतल्या बाई म्हाताऱ्या आहेत, त्यांना महिने आठवत नाहीत असं मी म्हणेन. भाची मावशीसाठी एकदा खोटं बोलली तर आभाळ कोसळत नाही.

एक राहिलं. लिहू की नको असं झालं होतं. बँकेतल्या बाईंच्या गालावर दोन आठवडे पुरळ आहे. मी त्यांना उन्हाने झालं म्हणून सांगितलं.

मावशी

*

३ एप्रिल

मावशी,

आधी माझ्या चुका.

मुदत संपलेला माल विकतेस असं मी लिहिलं. ते खोटं होतं. विचारण्याआधी ठरवून टाकलं. माफ कर.

दुसरी चूक मोठी आहे. आमच्याकडे नमुना येतो तेव्हा नोंदवहीत एक रकाना असतो: ‘सील आहे / नाही’. सील नसलेला नमुना आम्ही दारातूनच परत पाठवतो, कारण तो कुणी उघडला, कशात भरला, याची खात्री नसते. तुझ्या बरणीच्या वेळी मी तो रकाना रिकामा सोडला. चार वर्षांत पहिल्यांदा. बरणी मी आधीच उघडून वापरली होती, आणि उघडताना सील होतं की नाही हे मी बघितलंच नाही; बरणी तुझ्याकडून आली होती. सोमवारी विभागप्रमुख बाईंनी वही उघडून विचारलं, “सील होतं का गं?” मी म्हटलं, “आठवत नाही.” त्या म्हणाल्या, “तू हे वाक्य बोलू शकतेस हे मला माहीत नव्हतं.” माझ्या नावावर तशी नोंद झाली आहे. योग्य झाली.

रविवारी मी एक सीलबंद ट्यूब विकत घेतली आणि सोमवारी तपासायला लावली. काल निकाल आला. ट्यूब स्वच्छ आहे. मग तुझी बरणी पुन्हा घेतली. झाकणाच्या आत पुठ्ठ्याची गोल चकती असते. ती सुरीने उचकटली. खालून काळी होती. काच उन्हात वाळते, पुठ्ठा आतून वाळत नाही. तू कितीही निगुतीने धुतलंस तरी प्रत्येक झाकणात ती ओल राहिली असणार. चार वर्षं. बँकेतल्या बाईंचं पुरळ उन्हाने झालेलं नसावं.

हे मी कंपनीला कळवलं आहे: नमुना सीलबंद नव्हता, जंतूंचा दोष त्यांच्या मालाचा म्हणता येत नाही, तेवढी तक्रार मागे घेते. तू मागितलेली ओळ अशी वेगळ्या रस्त्याने लिहावी लागली.

पण त्यांना मी आणखी एक गोष्ट लिहिली आहे, आणि ती तुलाही सांगते, कारण चार वर्षं तू त्या बायकांना मनातल्या मनात हसलीस. बरणीवरचं जुनं लेबल आणि ट्यूबची मागची बाजू मी शेजारी ठेवून वाचली. यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात. जुन्या क्रीममध्ये बदामाचं तेल तिसरं होतं. ट्यूबमध्ये ते शेवटून दुसरं आहे, सुगंधाच्याही मागे. त्याच्या जागी स्वस्त मेण आलं आहे. पुढे मात्र मोठ्या अक्षरात ‘तेच, जसं होतं तसं’. बँकेतल्या बाई पहिल्याच दिवशी बरोबर बोलल्या होत्या. वास तोच होता आणि ते ते नव्हतं. त्यांना बोटाने कळलं. तू त्यांना बरणी दिलीस आणि त्यांचं बोट खोटं पाडलंस.

माझं बोट तर पहिल्यापासूनच कामाचं नव्हतं. मला बरणी दिसली आणि मी बघायचं थांबवलं. ‘हे एक बदललं नाही’ हे मी म्हटलं होतं, आठवतं. तू तेव्हा सांगितलं नाहीस याचा राग यायला हवा. येतो आहे. पण राग कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते अजून ठरत नाही, म्हणून पुढे जाते.

घरात पडलेली जुनी बरणी होती असं मी लिहिणार नाही. ते खोटं आहे, हे एक. आणि ते टिकणार नाही, हे दुसरं. बँकेतल्या बाईंचं बोलणं टायवाल्याने लिहून घेतलं आहे. त्यांना महिने आठवत नाहीत असं तू म्हणालीस, तर चार वर्षांत दुसऱ्यांदा तू त्यांना खोटं पाडशील. पहिल्यांदा तुला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा येईल असं मला वाटत नाही.

सोबत खुलाशाचा मसुदा पाठवते. सहा वाक्यं आहेत:

‘मी आपल्याकडून घेतलेल्या ट्यूबमधले क्रीम स्वतः जुन्या बरण्यांत भरून ग्राहकांना दिले. त्यात दुसरे काही मिसळले नाही. ट्यूबच्या सर्व खरेदी पावत्या माझ्याकडे आहेत. बरण्या पुन्हा वापरणे चुकीचे होते आणि त्यामुळे क्रीम दूषित झाले. हे मी थांबवले आहे, आणि ज्यांना बरण्या दिल्या त्या सर्वांना स्वतः सांगून त्या परत घेतल्या आहेत. माल बनावट नव्हता.’

यातलं शेवटचं वाक्य तुला वाचवतं. पण पाचवं खरं झाल्याशिवाय सहावं मी पाठवू देणार नाही. म्हणजे बँकेतल्या बाईंकडे जावं लागेल, आणि बाकीच्यांकडेही. दारात उभं राहून सांगावं लागेल. काही जणी पलीकडच्या चौकात जातील. ते मी नाकारत नाही. तू सत्तावन्नाची आहेस आणि दुसरं काही येत नाही असं लिहिलंस. तुझा हात हलका आहे हे मात्र कुठल्याही कंपनीच्या बरणीत भरून आलेलं नव्हतं. पुरेल की नाही मला माहीत नाही. हे मी मोजलेलं नाही.

पावत्या तुझ्याकडे असतीलच. तू टॉवेलांच्या कपाटात वरच्या खणात ठेवायचीस. आहेत का ते आधी बघ.

तुला नको असेल तर मी येणार नाही. हवी असेन तर सोमवारपासून तीन दिवसांची रजा मिळते. बायकांकडे जाताना मी गप्प उभी राहीन. जंतूंबद्दल कुणी विचारलं तरच बोलेन.

आणि ताईला, म्हणजे आईला, मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर तू सांग.

खुलासा कंपनीकडे दहा तारखेला पोचायला हवा आणि टपालाला दोन दिवस लागतात. म्हणजे बुधवारी, आठ एप्रिलला, तो टपालात पडायला हवा. मसुद्यावर सही करणार आहेस की नाही, एवढं पत्र मिळताच मला फोनवर कळव.

तुझी भाची